पाच पेन्स

सोमवारी प्रोबर्टसाहेबांनी दारावर पाटी लावली,
वर वेल्श, खाली इंग्रजी,
आकडा मात्र दोन्हीकडे तोच.
गल्ल्याच्या यंत्राला एक नवं बटण आलं
आणि माझ्या तोंडाला एक नवं वाक्य:
पिशवी हवी का?

इतका साधा प्रश्न.
पण विचारताना वाटायचं, मीच काहीतरी मागतेय.
काल जी बोट ओलं करून
फर्रकन सोडवून द्यायचे,
ती आज जणू मी लपवून ठेवली होती.

गाव शिकलं हळूहळू.
पॅरीबाई उशीचा अभ्रा घेऊन येऊ लागल्या.
डाकघरातली सून बाळाच्या गाडीत बटाटे घाली,
बाळ कडेवर.
इडवल मात्र शिकला नाही.

"पैशाचा प्रश्न नाही, नेरिस. तत्त्वाचा आहे.
खाणीने माझ्या आजोबांकडून
मेणबत्तीचे पैसे कापले,
दोराचे कापले,
सुरुंगाच्या दारूचेसुद्धा.
आता तुम्ही?"

मग घरून आण की एखादी.
"म्हणजे हार मानल्यासारखंच."

आणि निघायचा.
दूध काखेत, पाव दाताखाली,
कांद्याच्या पाती कॉलरमधून वर आलेल्या,
अंडी टोपीत.
आमचा रस्ता हा असा उभा,
शाळेची पोरं भिंतीवर बसून पैजा लावत:
आज काय पडणार?
एका शुक्रवारी संत्री सुटली.
थेट चॅपेलच्या फाटकापर्यंत गेली ती,
अर्धं गाव त्यांच्यामागे.
इडवल तिथेच उभा, तोंडात पाव,
त्यामुळे शिवीही देता येईना.

एलिनेड, त्याची बायको, मला म्हणाली होती,
"त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात
मी रोज एक पिशवी ठेवते, घडी घालून, त्रिकोणी.
त्याला ठाऊक आहे.
मला ठाऊक आहे की त्याला ठाऊक आहे."
आणि इतकी हसली की खोकला आला.
तो खोकला तेव्हा नुसता खोकलाच वाटला होता.

मार्चमध्ये तीन आठवडे तो आलाच नाही.
मग आला एका संध्याकाळी, दुकान बंद होता होता,
हातात पिशवी.
पहिल्यांदाच.
पांढरी, जाड, निळ्या नाडीची,
बाहेर चिकटवलेल्या कागदावर
कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात तिचं नाव.

काउंटरवर ठेवली त्याने.
आत सपाता असाव्यात, चष्म्याची डबी,
लोकरीचं काहीतरी हिरवं दिसत होतं.

"बंगोरच्या हॉस्पिटलात दिली," तो म्हणाला.
"खिशात हात घालून उभा राहिलो, नेरिस.
नाणं बोटांत धरलेलं.
वाटलं, विचारतील.
कुणी मागितलंच नाही."

मला काय बोलावं सुचेना.
यंत्राचा खण उघडा होता, तो मी लावून घेतला.
बाहेर पॅरीबाई अभ्रा झटकत होत्या.

"अर्धा लिटर दूध दे."

त्याला आता पिशवी लागत नाही.
एका माणसाचं सामान दोन हातांत मावतं,
एक हात रिकामाही राहतो,
तो तो डाव्या खिशात घालतो
आणि तिथेच ठेवतो.
भिंतीवर पोरं बसत नाहीत हल्ली,
पडण्यासारखं काही नसतंच.

दर मंगळवारी, दर शुक्रवारी
मी तरीही विचारते.
नियम आहे.
तो वर बघतो, जुना राग आणायचा प्रयत्न करतो,
कधी कधी जमतोही त्याला.